रास्पबेरी पायवर गेम लावला आणि स्क्रीन काळीच राहिली: दोष शोधण्याची पद्धत

रेट्रोपाय, बाटोसेरा किंवा रेकलबॉक्स यांपैकी जुने गेम चालवणारी एखादी सिस्टिम टाकलेला रास्पबेरी पाय (एकाच बोर्डावरचा छोटा संगणक) टीव्हीला जोडला, स्विच चालू केला आणि टीव्हीवर ‘नो सिग्नल’ एवढंच आलं, की बहुतेक जण लगेच मेमरी कार्ड काढतात आणि त्यावर इमेज (सिस्टिमची तयार प्रत) नव्याने लिहायला घेतात. कृपा करून तसं करू नका. त्या कार्डावर नुसती सिस्टिम नसते. घरातल्या मुलांनी महिनोन्महिने खेळून ठेवलेले सेव्ह असतात, कंट्रोलरची बसवलेली बटणं असतात, एकेक करून जमवलेली गेमची यादी आणि चित्रं असतात. इमेज लिहिली की हे सगळं जातं, आणि टीव्हीवर तरीही ‘नो सिग्नल’च असतं, कारण दोष कार्डात नव्हताच.

स्क्रीन काळी राहण्याची कारणं पुष्कळ आहेत, पण ती तपासायचा क्रम ठरलेला आहे: वीज, बोर्ड, कार्ड, केबल, टीव्ही, सेटिंग आणि सगळ्यात शेवटी गेम. याच क्रमाने गेलात तर बहुतेक वेळा दोष लवकर हाती लागतो. उलट्या टोकाने, म्हणजे सेटिंगच्या फाइलपासून सुरुवात केली तर अख्खा रविवार त्यातच जातो. आणखी एक पथ्य पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, चार्जर आणि सेटिंग एकदम बदलून चित्र आलं, तर ते कशामुळे आलं हे कधीच कळत नाही.

खालचं सगळं पाय ३, ४ आणि ५ या तीन मॉडेलांसाठी आहे. फरक असेल तिथे तसं सांगितलं आहे.

आधी बोर्डावरचे दिवे बघा

पाय ३ आणि ४ वर दोन छोटे दिवे असतात. लाल म्हणजे वीज येते आहे, हिरवा म्हणजे कार्ड वाचलं जातं आहे. पाय ५ वर एकच दिवा आहे: बोर्ड बंद पण वीज जोडलेली असेल तर लाल, चालू झाला की हिरवा, आणि कार्ड वाचताना लुकलुकतो.

लाल दिवा (पाय ५ वर तो एकच दिवा) लागतच नसेल तर टीव्ही, केबल, सेटिंग सगळं विसरा आणि थेट खालच्या वीजेच्या भागाकडे जा. लाल दिवा मध्येच विझतो किंवा मिचकावतो आहे? तोही वीजेचाच दोष. पाय ३ किंवा ४ वर लाल स्थिर आहे आणि हिरवा कसाही, अनियमित लुकलुकतो आहे, तर आनंदाची गोष्ट आहे: बोर्ड जिवंत आहे, कार्ड वाचलं जातं आहे, अडचण चित्र बाहेर पडण्यात आहे.

हिरवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबतो, पुन्हा तितक्याच वेळा लुकलुकतो, असं दिसलं तर शांतपणे मोजा. तो बोर्ड तुम्हाला दोष सांगतो आहे. ३ वेळा म्हणजे बूट होता आलं नाही, ४ वेळा म्हणजे सुरुवातीची फर्मवेअर फाइल सापडली नाही, ७ वेळा म्हणजे कर्नल (सिस्टिमचा गाभा) सापडला नाही, ८ वेळा म्हणजे मेमरीत बिघाड. ४ आणि ७ चा अर्थ बहुधा कार्डावरच्या फाइली अर्धवट किंवा जुन्या. पाय ३ साठी बनवलेलं जुनं कार्ड पाय ४ मध्ये घातलं की हेच होतं. तसंच रेट्रोपायची ४.८ ही २०२२ सालची इमेज पाय ४ पर्यंतचीच आहे. पाय ५ वर ती चालणार नाही. पाय ५ साठी बाटोसेरा किंवा रेकलबॉक्सची नवी आवृत्ती घ्या, नाहीतर रास्पबेरी पाय ओएस टाकून त्यावर स्क्रिप्टने रेट्रोपाय बसवा.

आता पाय ४ आणि ५ वाल्यांसाठी सगळ्यात उपयोगी चाचणी. बोर्ड बंद करा, कार्ड बाहेर काढा, यूएसबीचं सगळं काढा आणि टीव्हीची केबल पॉवरच्या सॉकेटला लागून असलेल्या एचडीएमआय पोर्टात घालून बोर्ड चालू करा. कार्ड नसलं तरी या बोर्डांचा बूटलोडर (बोर्डातच असलेला, तो सुरू करणारा छोटा प्रोग्राम) एक माहितीचा पडदा दाखवतो: बोर्डाचं मॉडेल, सिरियल नंबर, कार्ड सापडत नसल्याच्या ओळी. तो पडदा टीव्हीवर दिसला तर वीज, बोर्ड, पोर्ट, केबल आणि टीव्ही एवढे सगळे एका झटक्यात निर्दोष ठरले. उरलं ते कार्ड आणि त्यावरच्या सेटिंग. पडदा दिसला नाही तर दोष अलीकडे आहे आणि कार्डाला हात लावायचं कारण नाही. (फार जुना बूटलोडर असलेल्या पाय ४ वर हा पडदा येत नाही. अशा वेळी एका वेगळ्या कार्डावर रास्पबेरी पाय इमेजरमधून बूटलोडर दुरुस्तीची इमेज लिहा आणि त्यावरून बोर्ड चालू करा. काम झालं की हिरवा दिवा भराभर लुकलुकतो आणि स्क्रीन पूर्ण हिरवी होते.)

पाय ३ ला ही सोय नाही. त्याच्यासाठी दुसऱ्या, रिकाम्या कार्डावर साधी रास्पबेरी पाय ओएस लिहा आणि ते घालून बघा. सुरू होताना इंद्रधनुष्यासारखा रंगीत चौकोन क्षणभर दिसतो. तो दिसला म्हणजे चित्र बाहेर पडतं आहे. तो दिसून तिथेच अडकला तर कर्नल चढलेला नाही, म्हणजे कार्डाचा दोष.

वीज: निम्म्या तक्रारी इथेच मिटतात

डिस्प्ले म्हणून सांगितल्या जाणाऱ्या तक्रारींपैकी कितीतरी तक्रारी खरं तर वीजेच्या असतात, हे मी मनापासून सांगतो आहे. गेम सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी स्क्रीन काळी होते, मेनूत ठीक पण थ्रीडी गेममध्ये अडकतो, दुसरा कंट्रोलर लावला की रीस्टार्ट होतो: ही सगळी लक्षणं एकाच रोगाची.

पाय ३ ला ५ व्होल्ट २.५ अँपिअर लागतात, पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर आणि पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअर. व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की बोर्ड स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह दाखवतो. ते चिन्ह सेटिंगमधून लपवण्याचे उपाय बरेच जण सांगतात. चिन्ह लपवू नका, चार्जर बदला.

मोबाइलचा चार्जर चालतो का, हा नेहमीचा प्रश्न. चार्जरवर मोठा आकडा छापलेला असला तरी तो वॉटचा असतो, आणि फास्ट चार्जर ते वॉट ९ किंवा १२ व्होल्टवर देतो. बोर्डाला लागतात ५ व्होल्ट. त्यामुळे ६५ वॉटचा लॅपटॉप चार्जर पाय ५ ला लावला तरी बहुधा ५ व्होल्टवर ३ अँपिअरच मिळतात. तेवढ्यावर पाय ५ सुरू होतो, पण यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो. पुरेशी वीज मिळाली तर १.६ अँपिअर देतो. यूएसबीला एसएसडी आणि दोन कंट्रोलर लावले की हा फरक लगेच कळतो. गेमसाठी बोर्ड घेणार असाल तर अधिकृत अ‍ॅडॉप्टर सोबतच घ्या, हा खर्च वाचवू नका.

चार्जर चांगला असूनही केबल घात करते. नळी लांब आणि बारीक असली की शेवटच्या नळाला पाण्याचा जोर उरत नाही, तसंच बारीक तारेच्या लांब केबलमध्ये व्होल्टेजचं होतं. अधिकृत अ‍ॅडॉप्टर ५.१ व्होल्टचा आणि जाड, जोडलेल्या वायरचा असतो तो याचसाठी. मल्टिमीटर असेल तर गेम चालू असताना बोर्डाच्या ४० पिनांपैकी बाहेरच्या रांगेतली दुसरी पिन (५ व्होल्ट) आणि तिसरी पिन (ग्राउंड) यांच्यात मोजा. पिना कार्ड असलेल्या टोकाकडून मोजायच्या. ४.८ च्या खाली आकडा दिसला तर काळजी करा. प्रोब घसरून शेजारच्या पिनेला लागणार नाही हे नीट सांभाळा. ५ व्होल्टची पिन ३.३ व्होल्टच्या पिनेला टेकली तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो.

टीव्हीच्या मागच्या यूएसबी पोर्टातून बोर्ड चालवू नका. तो पोर्ट पेन ड्राइव्हसाठी आहे, अर्धा ते एक अँपिअरच्या आसपास देतो, आणि टीव्ही बंद केला की बोर्डाचीही वीज तोडतो. सेव्ह लिहिलं जात असताना वीज तुटली की कार्डावरची फाइल बिघडते. जिथे लाइट वारंवार जाते तिथे राउटरसाठी मिळतो तो छोटा यूपीएस बोर्डाला जोडण्याचा मोह होतो. त्याचं ५ व्होल्टचं आउटपुट किती अँपिअरचं आहे ते आधी वाचा, पाय ४ ला ३ अँपिअर हवेतच.

पाय ४ ची एक खास गोष्ट: सुरुवातीच्या बोर्डांत यूएसबी-सी सॉकेटच्या रचनेत चूक होती. चिप असलेली जाड लॅपटॉपची केबल लावली की चार्जर वीजच देत नाही, साधी मोबाइलची केबल लावली की दिवा लागतो. पुढच्या १.२ आवृत्तीच्या बोर्डात ही चूक दुरुस्त झाली. सेकंडहँड पाय ४ घेतला असेल तर हे आठवणीत ठेवा.

बोर्ड सुरू होत असेल तर त्यालाच विचारता येतं. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ ही आज्ञा द्या. (इथल्या आज्ञा आणि सेटिंगच्या ओळी प्रत्यक्षात इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या; अंडरस्कोर दाखवलाय तिथे अंडरस्कोर, आणि बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे मोकळी जागा नको.) उत्तर ०एक्स० आलं तर वीज आणि तापमान दोन्ही ठीक. ०एक्स५०००० म्हणजे बोर्ड चालू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं आणि वेग कमी करावा लागला. ०एक्स५०००५ म्हणजे या क्षणीही पडलेलंच आहे. ही आज्ञा मेनूत बसून नाही, जड गेम दहा मिनिटं खेळून झाल्यावर द्या.

केबल, पोर्ट आणि केसची भिंत

पाय ४ आणि ५ ला दोन मायक्रो एचडीएमआय पोर्ट आहेत. गेमसाठी नेहमी पॉवर सॉकेटच्या शेजारचा वापरा. दुसऱ्या पोर्टात केबल घातली तर चित्र किंवा आवाज न येण्याचे प्रकार जुन्या इमेजमध्ये बरेच होतात.

आता नखाएवढी वाटणारी पण फार सतावणारी गोष्ट. मायक्रो एचडीएमआयचा धातूचा भाग आखूड असतो आणि त्याच्या मागे प्लास्टिकची जाड मूठ असते. केसचं भोक लहान असलं तर ते प्लास्टिक केसच्या भिंतीला आधी टेकतं आणि धातू पोर्टात पूर्ण शिरतच नाही. बाहेरून बघताना केबल घट्ट बसल्यासारखी दिसते. चित्र येतं, हात लागला की जातं, किंवा चित्र येतं पण टीव्ही बोर्डाला स्वतःची माहिती देऊ शकत नाही. म्हणून बोर्ड केसमधून बाहेर काढून, उघडा ठेवून एकदा केबल लावून बघाच. चित्र आलं तर केसचं भोक कानशीने मोठं करा किंवा बारीक मुठीची केबल घ्या. पोर्टावर जड कन्व्हर्टर लोंबकळत ठेवू नका. हे सॉकेट नाजूक आहे आणि सोल्डरवरून सुटलं तर दुरुस्ती सोपी नाही.

तपासताना मध्ये काहीच नको. स्प्लिटर, स्विच, होम थिएटरचा अँप सगळं बाजूला काढा आणि बोर्ड थेट टीव्हीला जोडा. टीव्ही आधी चालू करा, योग्य इनपुट निवडा आणि मग बोर्डाला वीज द्या. बोर्ड सुरू होताना पलीकडे टीव्ही जागा नसेल तर बोर्डाला वाटतं की काही जोडलेलंच नाही, आणि तो एचडीएमआयवर चित्र पाठवतच नाही.

चित्रात पांढरे ठिपके चमकत असतील, एखादा रंग मध्येच उडत असेल, काही सेकंदांनी स्क्रीन काळी होऊन परत येत असेल तर आधी दुसरी, आखूड केबल लावा. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला केबल घेताना जमलं तर बोर्ड सोबत न्या आणि दुकानातल्याच मॉनिटरवर लावून बघा. पाय ३ वर लांब केबलसाठी ‘कॉन्फिग_एचडीएमआय_बूस्ट=७’ ही ओळ मदत करते; पाय ४ वर तिचा उपयोग नाही.

ऑफिसातून निघालेले जुने चौकोनी व्हीजीए मॉनिटर गेमसाठी झकास असतात, कारण जुने गेम ४:३ चेच आहेत. पण त्यांना नुसती वायर चालत नाही, आतमध्ये चिप असलेला एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर लागतो. तो एचडीएमआयमधूनच वीज ओढतो आणि ती अपुरी पडली की स्क्रीन मध्येच जाते, म्हणून वेगळ्या यूएसबी वीजेचा कन्व्हर्टर घ्या. असे कन्व्हर्टर पुष्कळदा मॉनिटरची माहिती बोर्डापर्यंत नीट पोचवत नाहीत. मग मॉनिटरवर ‘आउट ऑफ रेंज’ किंवा ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ येतं. हा संदेश चांगला समजा: सिग्नल पोचला आहे, फक्त रिझोल्यूशन चुकलं आहे.

स्क्रीन काळी, पण बोर्ड जिवंत आहे का?

यूएसबी कीबोर्ड लावा, एक-दोन मिनिटं जाऊ द्या आणि न्यूमलॉक दाबा. कीबोर्डवरचा दिवा लागत-विझत असेल तर सिस्टिम आत चालू आहे, फक्त तुम्हाला दिसत नाही.

आता नेटवर्कवरून आत शिरायचं. बोर्ड लॅन केबलने राउटरला जोडा. रेट्रोपायमध्ये एसएसएच (नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाने बोर्डाला आज्ञा द्यायची सोय) आधीपासून बंद असतं. ते चालू करण्यासाठी कार्ड पीसीत घालून बूट विभागात (विंडोजला कार्डाचा जो भाग दिसतो त्यात) ‘एसएसएच’ नावाची रिकामी फाइल तयार करा. नाव इंग्रजी लहान अक्षरांत आणि शेवटी डॉट टीएक्सटी नको. विंडोज ते शेपूट गुपचूप जोडतं, म्हणून फाइलचं पूर्ण नाव दिसेल अशी सोय आधी करा. रेट्रोपायचं युजरनेम ‘पाय’ आणि पासवर्ड ‘रास्पबेरी’. बाटोसेरात ‘रूट’ आणि ‘लिनक्स’, रेकलबॉक्समध्ये ‘रूट’ आणि ‘रेकलबॉक्सरूट’, सगळं इंग्रजी लहान अक्षरांत.

आत शिरलात की सगळ्यात आधी सेव्ह पीसीवर उतरवून घ्या. रेट्रोपायमध्ये ते गेमच्या फाइलींशेजारीच, एसआरएम आणि स्टेट अशा शेपटांच्या फाइलींत असतात. बाटोसेरा आणि रेकलबॉक्समध्ये ‘सेव्हज’ नावाचं वेगळं फोल्डर असतं. त्यानंतर जुन्या इमेजवर ‘टीव्हीसर्व्हिस -एस’ आणि नव्या रास्पबेरी पाय ओएसवर ‘केएमएसप्रिंट’ ही आज्ञा द्या. बोर्ड या क्षणी कोणत्या पोर्टावर कोणतं रिझोल्यूशन पाठवतो आहे ते त्यात दिसतं. जुन्या इमेजवर ‘टीव्हीसर्व्हिस -एम सीईए’ दिल्यावर टीव्ही कोणकोणती रिझोल्यूशन स्वीकारतो त्यांची यादी येते (सीईए मोठ्या अक्षरांत). ती लिहून घ्या, पुढे लागेल.

कार्डाचा संशय असेल तर आधी विन३२ डिस्क इमेजरने आहे त्या कार्डाची जशीच्या तशी प्रत काढा, मगच त्याला हात लावा. कार्ड बनावट आहे का ते विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफथ्री सांगतं. ६४ जीबी छापलेलं कार्ड आतून ८ जीबीचं निघणं आपल्या बाजारात नवीन नाही.

सेटिंगची फाइल: आधी पिढी ओळखा

कार्ड पीसीत घातलं की विंडोजला दिसतो तो बूट विभाग. त्यात ‘कॉन्फिग डॉट टीएक्सटी’ असते. रेकलबॉक्समध्ये तुमच्या ओळी ‘रेकलबॉक्स-यूजर-कॉन्फिग डॉट टीएक्सटी’ मध्ये लिहायच्या. काहीही बदलण्याआधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा.

नेटवर सापडणारे उपाय चालत नाहीत याचं मुख्य कारण असं, की पायच्या चित्र पाठवण्याच्या पद्धतीच्या दोन पिढ्या आहेत आणि एकीच्या ओळी दुसरीत लागू होत नाहीत. फाइलमध्ये ‘डीटीओव्हरले’ ने सुरू होणारी ओळ शोधा. ती नसेल, किंवा तिच्यात ‘व्हीसी४-एफकेएमएस-व्ही३डी’ असेल तर जुनी पिढी. रेट्रोपायची तयार इमेज याच पिढीची. ‘व्हीसी४-केएमएस-व्ही३डी’ असेल तर नवी पिढी. एका ‘एफ’ चा फरक आहे, डोळे उघडे ठेवून वाचा.

जुनी पिढी असेल तर पहिली ओळ ‘एचडीएमआय_फोर्स_हॉटप्लग=१’. टीव्ही बंद असला तरी चित्र पाठवत राहा, असा तिचा अर्थ. टीव्ही नंतर चालू करणाऱ्या घरात हीच एक ओळ पुरते. तेवढ्याने झालं नाही तर ‘एचडीएमआय_सेफ=१’ तात्पुरती लिहा; कमी रिझोल्यूशनवर का होईना चित्र येतं आणि केबल ठीक असल्याची खात्री पटते. मग ती काढून पक्कं रिझोल्यूशन द्या. त्यासाठी ‘एचडीएमआय_ग्रुप’ आणि ‘एचडीएमआय_मोड’ या दोन ओळी जोडीने लागतात. टीव्हीसाठी ग्रुप १: मोड ४ म्हणजे ७२०पी आणि मोड १६ म्हणजे १०८०पी, दोन्ही ६० हर्ट्झ. मॉनिटरसाठी ग्रुप २: मोड ८२ म्हणजे १०८०पी, ८५ म्हणजे ७२०पी, १६ म्हणजे १०२४ बाय ७६८, आणि त्या १७ इंची चौकोनी मॉनिटरांसाठी ३५ म्हणजे १२८० बाय १०२४. १६ हा आकडा दोन्ही ग्रुपांत वेगळा आहे, म्हणून ग्रुप न लिहिता नुसता मोड लिहिण्यात अर्थ नाही. चित्र आहे पण आवाज नाही, तर ‘एचडीएमआय_ड्राइव्ह=२’. पाय ५ ला हेडफोनचा जॅकच नाही, हेही लक्षात असू द्या. तिथे आवाज एचडीएमआय, यूएसबी किंवा ब्लूटूथनेच येणार.

नवी पिढी असेल तर या ग्रुप-मोडच्या ओळींकडे सिस्टिम बघतही नाही. रिझोल्यूशन ‘सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी’ मध्ये द्यायचं. त्या फाइलमध्ये एकच लांब ओळ असते आणि ती एकच राहिली पाहिजे; एंटर दाबून दुसरी ओळ केली तर बोर्ड सुरू होणार नाही. तिच्या शेवटी एक मोकळी जागा सोडून ‘व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१९२०एक्स१०८०@६०डी’ लिहा. यात एचडीएमआय-ए आणि शेवटचा डी मोठ्या अक्षरांत. तो डी म्हणजे टीव्हीकडून उत्तर नाही आलं तरी पोर्ट चालू ठेव. ७२०पी हवं असेल तर आकडे १२८० आणि ७२० करा.

चित्र आलं, पण नीट नाही

कडा कापल्या जात असतील तर आधी टीव्हीच्या मेनूत बघा. ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘१:१’ असं काहीतरी प्रत्येक टीव्हीत वेगळ्या नावाने असतं. भोवती काळी चौकट दिसत असेल तर जुन्या पिढीत ‘डिसेबल_ओव्हरस्कॅन=१’. टीव्हीचा गेम मोड चालूच ठेवा. बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते याला बोर्डापेक्षा टीव्हीतली चित्र सुधारण्याची प्रक्रिया जास्त जबाबदार असते.

पाय ४ फोरके टीव्हीला जोडल्यावर मेनूही जड चालतो, कंट्रोलर उशिरा प्रतिसाद देतो, आणि लोक बोर्डाला दोष देतात. कारण साधं आहे: वेगळं सांगितलं नाही तर पाय ४ फोरके चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवतो. ६० साठी वेगळी ओळ आहे, पण ती वापरू नका. २४० ओळींच्या गेमला फोरकेने काहीही मिळत नाही आणि बोर्ड उगाच तापतो. १०८०पी ठरवून द्या, पाय ३ असेल तर ७२०पी. तसंच रिझोल्यूशन ५० हर्ट्झचं निवडलं गेलं नाही ना, तेही बघा. ६० हर्ट्झसाठी बनलेला गेम ५० वर चालवला की आडवं सरकणारं दृश्य ठरावीक अंतराने अडखळतं.

घरात जुना सीआरटी टीव्ही असेल तर तो टाकू नका, जुने गेम त्याच्याइतके सुंदर कशावरच दिसत नाहीत. पाय ३ आणि ४ च्या ३.५ मिलिमीटर जॅकमधूनच पिवळ्या पिनेचा व्हिडिओ निघतो. पाय ४ वर त्यासाठी ‘इनेबल_टीव्हीआउट=१’ लिहावं लागतं, आणि एचडीएमआयची केबल काढून ठेवायची. तीन पिनांची केबल घेताना सावध राहा: पायमध्ये व्हिडिओ जॅकच्या बुंध्याकडच्या कड्यावर असतो आणि ग्राउंड त्याच्या आधीच्या, बऱ्याच हँडीकॅमच्या केबलींत हा क्रम वेगळा असतो. चित्र न येता घरघर ऐकू आली तर टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटातली पिवळी पिन काढून तिथे आधी लाल आणि मग पांढरी पिन लावून बघा. चित्र येतं पण काळं-पांढरं किंवा वर सरकत राहतं, तर बोर्ड एनटीएससी पद्धतीचा सिग्नल पाठवतो आहे आणि टीव्ही फक्त पाल पद्धत समजतो; ‘एसडीटीव्ही_मोड=२’ लिहिलं की पाल. नंतरच्या काळातल्या बऱ्याच रंगीत टीव्हींना एनटीएससीही कळतं. तसा टीव्ही असेल तर एनटीएससीच ठेवा, ६० हर्ट्झचे गेम त्यावर गुळगुळीत चालतात.

मेनू दिसतो, गेम उघडला की काळं

इथे डिस्प्लेचा दोष क्वचितच असतो. गेम उघडताना रेट्रोपाय एक छोटी राखाडी चौकट दाखवतो. तेव्हा कुठलंही बटण दाबा. तिथे त्या गेमपुरता इम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम) आणि रिझोल्यूशन बदलता येतं. मागे कधी चुकून वेगळं रिझोल्यूशन निवडलं गेलं असेल तर एकच गेम काळा दिसतो, बाकी सगळे ठीक चालतात.

गेम काळा होऊन दोन सेकंदांत मेनूत परत येत असेल तर ‘/डेव्ह/एसएचएम/रनकमांड डॉट लॉग’ ही फाइल वाचा. शेवटच्या काही ओळींत बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं: अमुक फाइल सापडली नाही. प्लेस्टेशनच्या गेमला बायोस (मूळ कन्सोल सुरू करणारी फाइल) लागतो आणि त्याचं नाव अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. आर्केड गेममध्ये रोमसेटची (गेमच्या फाइलींच्या संचाची) आवृत्ती जुळावी लागते; एलआर-मेम२००३ या इम्युलेटरला ०.७८ चाच संच चालतो, एलआर-मेम२०१० ला ०.१३९ चा. गेम बरोबर असूनही संच दुसरा असला तर तो उघडणार नाही. बायोस आणि गेम तुमच्याकडच्या मूळ कन्सोल-कार्ट्रिजचेच वापरा.

उष्णता, कंट्रोलर आणि बटणं

‘व्हीसीजेनसीएमडी मेझर_टेम्प’ तापमान सांगते. ८० अंशांच्या पुढे बोर्ड स्वतःचा वेग कमी करू लागतो. पाय ३ बी प्लस तर ६० अंशांनाच थोडा मागे येतो. मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात बंद शोकेसमध्ये, सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला पाय ४ सहज तिथे पोचतो. हीटसिंक आणि छोटा पंखा लावा. पाय ५ ला गेमसाठी अधिकृत अ‍ॅक्टिव्ह कूलर लागतोच असं धरून चाला.

ब्लूटूथ कंट्रोलर मध्येच सुटतो किंवा बटण अडकून राहिल्यासारखं वागतो, तर यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टात एसएसडी लावलेली आहे का ते बघा. यूएसबी ३ ची उपकरणं आणि त्यांच्या केबली २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट करतात, आणि ब्लूटूथ तिथेच चालतं. एसएसडी चांगल्या आवरणाच्या केबलने बोर्डापासून दूर ठेवा, कंट्रोलरचा डाँगल असेल तर तो हातभर एक्स्टेन्शनवर काळ्या पोर्टात लावा आणि वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. पूर्ण धातूच्या केसमध्येही रेंज कमी होते.

स्वतः बनवलेल्या आर्केड पेटीत एखादं बटण चालत नसेल तर मेनूतल्या सेटिंगमध्ये शिरण्याआधी ‘जेएसटेस्ट /डेव्ह/इनपुट/जेएस०’ चालवा. प्रत्येक बटण दाबताच त्याचा आकडा बदलताना दिसतो. आकडा बदलला तर वायरिंग ठीक आहे, चूक मांडणीत आहे. बदलला नाही तर त्या बटणाची दोन टोकाची कनेक्टरं एन्कोडरवरच्या (बटणांच्या वायरी जिला जोडतात त्या छोट्या सर्किटपट्टीवरच्या) शेजारच्या जागी लावा. आता चाललं तर एन्कोडरची ती जागा गेलेली आहे. अशा एन्कोडरवर बहुधा एखाद-दुसरी जागा मोकळी असते, ती वापरा. तरीही चाललं नाही तर बटणाखालचा मायक्रोस्विच बाहेर काढून मल्टिमीटरने तपासा. तो वेगळा विकत मिळतो, पूर्ण बटण बदलायची गरज नसते.